धुराडं न काढता उरला कसा काढायचा

समजा, एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला: रायपूरजवळच्या उरला औद्योगिक क्षेत्रातल्या हवेवर लेख घेतोय, पानभर चित्र हवं, आठवड्यात द्या. तुम्ही लेख वाचता, कागद पुढे ओढता आणि हात आपोआप चालू लागतो. तीन धुराडी, त्यांतून निघणारे काळे लोट, खाली नाकाला रुमाल बांधलेलं मूल. नाहीतर तोंडात थर्मामीटर धरलेली पृथ्वी. तासाभरात चित्र होतं, संपादकही नाही म्हणत नाहीत, अंक निघतो. वाचक मात्र त्या पानावर थांबत नाही. असं चित्र त्याने कितीदा तरी पाहिलेलं असतं, आणि त्यात उरला कुठेच नसतो. तेच चित्र चंद्रपूरवरच्या लेखाला चालेल, तारापूरवरच्याही.

जे चित्र दुसऱ्या गावाच्या लेखाला जसंच्या तसं चालतं, त्यात अजून विचार झालेला नाही असं खुशाल समजावं. धुराडं हे प्रदूषणाचं चिन्ह आहे. चिन्ह वाचक ओळखतो आणि पुढे जातो. रूपक त्याला उलगडावं लागतं: दोन गोष्टी त्याच्यासमोर ठेवलेल्या असतात आणि त्यांच्यातलं नातं त्याला स्वतः जोडायचं असतं. ते जोडताना जो क्षणभराचा वेळ जातो, तेवढ्यासाठीच आपण चित्र काढतो. ज्यांनी नुकतीच लेखांसाठी, मुखपृष्ठांसाठी, भित्तिपत्रकांसाठी चित्रं करायला घेतली आहेत, त्यांच्यासाठी हा उरल्याचा सराव आपण शेवटपर्यंत नेऊ.

पेन्सिल उचलण्याआधी एक वाक्य लिहायचं. त्यात क्रियापद हवं आणि ते ‘आहे’ नको. ‘उरल्यात प्रदूषण आहे’ या वाक्यात काहीच घडत नाही, म्हणून हात धुराड्याकडे वळतो. आता हे वाक्य पाहा: ‘लोखंड बाहेर जातं, काजळी इथेच राहते.’ इथे दोन वस्तू आहेत आणि त्यांच्या दोन उलट गती आहेत. किंवा हे: ‘रात्री पडलेली काजळी बाई सकाळी झाडते, रात्री ती पुन्हा पडते.’ किंवा: ‘जो दिवसभर सळया ओढतो, त्याच्या घरावर अजून स्लॅब नाही.’ तिन्ही वाक्यं एकाच लेखातून निघू शकतात आणि तिन्हींची चित्रं एकमेकांपासून फार दूरची होतील. संपादकांना आधी वाक्य कळवा, चित्र नंतर. चित्रावरून होणारे बहुतेक वाद मुळात वाक्यावरचे असतात. दोघांच्या डोक्यात दोन वेगळी वाक्यं असतात आणि भांडण मात्र रंगावरून चाललेलं असतं.

वाक्यातून वस्तू कशी हाती येते याचं एक उत्तम उदाहरण रायपूरशीच जोडलेलं आहे, आणि ते एका मराठी माणसाचं आहे. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं ते त्यांनीच, आणि त्यांचं निधन १९२६ साली रायपुरातच झालं. त्यांच्या या मासिकात १९०१ साली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. एका जमीनदाराला आपल्या महालाचं आवार वाढवायचं आहे आणि मध्ये एका गरीब विधवेची झोपडी येते. कोर्टकचेरी करून तो झोपडी घेतो. एक दिवस ती म्हातारी टोपली घेऊन येते. नातीने अन्न सोडलंय, आपल्या घरीच जेवीन म्हणते, तेव्हा त्या झोपडीतली टोपलीभर माती द्या, तिची चूल करून भाकरी भाजीन, म्हणजे पोर जेवेल. तो परवानगी देतो. माती भरून झाल्यावर ती त्याला टोपलीला जरा हात लावायला सांगते. त्याच्याने टोपली हलत नाही. मग म्हातारी त्याला विचारते की एका टोपलीचं ओझं पेलत नाही, तर या जमिनीतल्या हजारो टोपल्यांचं ओझं जन्मभर कसं पेलणार.

चित्रकाराने ही कथा पुन्हापुन्हा वाचावी, कारण रूपक कसं बांधतात हे ती उघडं करून दाखवते. जमिनीचा लोभ दाखवायला गिधाड होतं, साप होता, सावकाराची तिजोरी होती. सप्र्यांनी बाहेरून काहीच आणलं नाही. त्यांनी झोपडीतलीच माती घेतली. ती मागायला घरातलंच कारण दिलं, चुलीचं. आणि मातीच्या अनेक गुणांपैकी वजन हा एकच गुण निवडून सगळी कथा त्यावर उभी केली. माती सुपीक असते, पवित्र असते, ओली झाली की तिला वास येतो. यातलं काही त्यांना नको होतं. रूपक बांधताना आपणही वस्तूचा असा एकच गुण धरावा. दोन धरले की वाचक कोणत्या वाटेने जायचं यात अडकतो.

या कथेला चित्र काढायचं झालं तर काय काढाल? पहिला हात टोपलीपाशी वाकून घाम गाळणाऱ्या जमीनदाराकडे जातो. पण ते कथेत लिहिलेलंच आहे, आणि लिहिलेलं तिथे जास्त प्रभावी आहे. शब्दांनी वापरलेलं रूपक चित्राने पुन्हा वापरू नये, त्याच्या शेजारची जागा शोधावी. मी झोपडीच्या जमिनीत टोपलीएवढा खड्डा काढेन आणि तो चारही बाजूंनी महालाच्या उंच भिंतीने वेढलेला दाखवेन. माणूस एकही नाही. कथा वाचण्याआधी हा खड्डा कोडं वाटेल आणि वाचून झाल्यावर तो तोच राहणार नाही. लेखाच्या चित्राला अशी दोनदा वाचली जाण्याची संधी असते. ती फार कमी जण घेतात.

आता पुन्हा उरल्याकडे. वाक्य ठरवलं: लोखंड बाहेर जातं, काजळी इथेच राहते. पुढचं काम म्हणजे वस्तूंची यादी, आणि ही यादी आठवणीतून करायची नाही. जायला जमलं तर जा. नाही जमलं तर तिथे राहणाऱ्या, काम करणाऱ्या कुणाला तरी फोन करा. नागपूर-गोंदियाकडच्या कितीतरी मराठी घरांचे नातेवाईक रायपुरात आहेत. भोसल्यांच्या काळापासूनची ही ये-जा आहे.

कारखान्याच्या बाजूने यादी करू. उरल्यात आणि शेजारच्या सिलतऱ्यात स्पंज आयर्न, फेरो अलॉय, रोलिंग मिल यांची दाटी आहे, कारण खनिज आणि कोळसा दोन्ही याच राज्यात, छत्तीसगडात, सापडतात. कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात लोहखनिज, दगडी कोळसा आणि थोडा डोलोमाइट एका लांब, किंचित कलत्या, सावकाश फिरणाऱ्या भट्टीत जातात. आत हजार अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता असते. कोळसा खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो, पण खनिज वितळत नाही. ऑक्सिजन गेल्यामुळे त्यात बारीक छिद्रं राहतात आणि हाती सच्छिद्र ढेकळं येतात. माल थंड झाला की चुंबकाने लोखंड एका बाजूला ओढून घेतात. जे चिकटत नाही ते डोलोचार, म्हणजे जळून उरलेला कोळसा आणि राख. लोखंड पुढे इंडक्शन भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट होतात, बिलेटची सळई होते, सळई ट्रकवर चढते, ट्रक धरमकाट्यावर तोलला जातो आणि निघून जातो. भट्टीच्या धुरातली धूळ पकडायला ईएसपी नावाची यंत्रणा असते, जी विजेच्या भाराने कण पट्ट्यांवर खेचून घेते. तिला वीज लागते. रात्री ती बंद ठेवली जाते आणि म्हणून सकाळी गच्च्या काळ्या होतात, अशी या भागातल्या रहिवाशांची जुनी तक्रार आहे.

घराच्या बाजूने यादी: गच्ची, झाडू, दोरीवरचा शाळेचा पांढरा सदरा, तुळस, पाण्याच्या टाकीचं झाकण, रखियाच्या बड्या (कोहळ्याचे सांडगे), उन्हाळ्यात गच्चीवर अंथरलेल्या गाद्या, पायऱ्यांवर काढलेल्या चपला, तलावाचा घाट, धानाचं शेत. छत्तीसगडला सगळे ‘धान का कटोरा’ म्हणतात, त्यामुळे कटोराही यादीत येईल. पण सरकारी जाहिरातींनी त्याला इतका झिजवलाय की त्याच्या बाबतीत काहीतरी घडत असेल तरच तो घ्यावा. नुसता कटोरा आणि त्यात कारखाना, हे धुराड्याचंच भावंड आहे.

दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि एकीकडची वस्तू दुसरीकडच्या वस्तूला भिडवत जा. कशी भिडवायची याचे मार्ग फार नाहीत, पण प्रत्येक मार्गावर कुणीतरी मोठं काम करून ठेवलंय. ते समोर ठेवून पाहणं हेच शिक्षण.

व्यंगचित्रकार शि. द. फडणिसांपासून सुरुवात करा. १९५२ सालच्या ‘मोहिनी’ मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी एक तरुण आणि एक तरुणी काढली. त्याच्या बुशशर्टावर मांजरांची नक्षी आणि तिच्या साडीवर उंदरांची. बस, एवढंच. चेहऱ्यांनी काही सांगायची गरज उरली नाही, शब्दांची तर नाहीच. इथे फडणिसांनी नवी वस्तू आणली नाही. कापडावर नक्षी असतेच, ती कसली असावी एवढं त्यांनी ठरवलं. रूपक चित्राच्या मध्यभागी ठाण मांडून बसायलाच हवं असं नाही, ते कपड्यावरच्या छापातही राहू शकतं. पुढे याच चित्रकाराने महाराष्ट्रातल्या शाळांच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली आणि अमूर्त आकड्यांना मुलांसमोर चालतं-बोलतं केलं. संकल्पनेचं काम केवळ विनोदासाठी असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती पुस्तकं जुन्या बाजारात शोधावीत.

दुसरा मार्ग म्हणजे एकच गोष्ट उलटी करणं. जपानच्या शिगेओ फुकुदा यांचं १९७५चं ‘व्हिक्टरी १९४५’ हे भित्तिपत्रक पाहा. पिवळी पार्श्वभूमी, तिरकी तोफेची नळी, आणि गोळा नळीच्या तोंडाकडे परत येतोय. युद्ध संपल्याला तीस वर्षं झाली त्या निमित्ताने वॉर्सात झालेल्या स्पर्धेत हे चित्र पहिलं आलं. त्यात रक्त नाही, प्रेत नाही, कबूतर नाही. दिशा बदलली आणि अर्थ लागला. उरल्याच्या सरावात हा मार्ग वापरून पाहा: काय उलटं जाऊ शकेल? झाडू धूळ वर ढकलतोय? रिकामा ट्रक येतो आणि काजळी भरून नेतो?

तिसरा मार्ग मापाचा. सोल स्टाइनबर्ग यांनी २९ मार्च १९७६च्या ‘द न्यू यॉर्कर’साठी काढलेलं मुखपृष्ठ जगभर गाजलं. पुढे मॅनहॅटनमधले दोन रस्ते तपशिलाने काढलेले, मग हडसन नदी, तिच्या पलीकडे सगळी अमेरिका एका चिंचोळ्या पट्टीत, त्यापलीकडे प्रशांत महासागर आणि क्षितिजावर चीन, जपान, रशिया. आपल्या गल्लीपलीकडे जग नाही असं मानणारं शहर त्यांनी केवळ लहान-मोठं करून दाखवलं. कारखान्याच्या फाटकातून दिसणारं रायपूर असं काढता येईल: पुढे मोठा धरमकाटा, ट्रकची रांग, सळयांचे भारे, आणि वस्ती म्हणजे मागे एक पुसट रेघ.

व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांचा उल्लेख इथे वेगळ्या कारणासाठी. पेशाने ते सिमेंट कंपनीतले स्थापत्य अभियंता होते आणि त्यांच्या रेषेतही अनावश्यक काही नसायचं. ‘ललित’मध्ये जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने लिहीत, तेव्हा त्या टोपणनावाला सरवट्यांनी चेहरा आणि अंगकाठी दिली. लेखकाची वृत्तीच माणूस होऊन पानावर आली. त्यांचं ‘व्यंगकला-चित्रकला’ हे पुस्तक मिळालं तर घ्या. रेषेने विचार कसा करायचा यावर मराठीत इतक्या गांभीर्याने लिहिणारे कमीच.

आता आपली टिपणं. आगपेटीएवढे चौकोन आखून घ्या आणि त्यांत भराभर काढत जा. लहान चौकोनात तपशील मावत नाही, त्यामुळे कल्पना लंगडी असेल तर ती सजावटीमागे लपू शकत नाही. पहिले पाच-सात चौकोन सर्वांच्या डोक्यात असतं तेच देतात. ते काढूनच टाका, म्हणजे वाट मोकळी होते.

पहिल्या फेरीत धुराड्याची सिगारेट होईल. आकार जुळतो, पण विचारा: सिगारेट ओढणारा स्वतः ओढतो. उरल्यातल्या बाईने काय पेटवलंय? रूपकाने चुकीचं नातं आत आणलं.

मग स्पंज आयर्नच्या ढेकळाचं फुफ्फुस सुचेल. हे मोहात पाडतं, कारण दोन्ही सच्छिद्र आहेत आणि काळ्या-करड्या छटांत ते सुंदर दिसेल. पण रूपसाम्य आणि नात्यातलं साम्य यांत फरक करायला शिका. दोन वस्तू सारख्या दिसतात, पुढे काय? त्यांतली एक दुसरीला काय करते? आपल्या वाक्यात जाणं आणि राहणं होतं; या चित्रात कुणी जात नाही, कुणी राहत नाही. चित्र देखणं होईल आणि मुकं राहील. शिवाय ज्याने असं ढेकूळ कधी पाहिलं नाही त्या वाचकाला तो नुसता दगड वाटेल.

तिसरं चुंबकाचं, आणि इथे काम जमू लागतं. कारखान्यातच चुंबक लोखंड ओढून घेतं आणि काळा चुरा मागे टाकतं. तेच मोठं करा. वस्तीच्या वर आभाळात एक भलंमोठं चुंबक. सळया, ट्रक, पत्रे, सायकली, अगदी घराच्या कड्या-कोयंड्यांसकट सगळं लोखंड वर उडतंय. खाली काळ्या चुऱ्यात घोट्यापर्यंत बुडालेली माणसं. लोखंड गेलं, काजळी राहिली: आपलं वाक्य जसंच्या तसं उभं राहिलं, आणि रूपक विषयाच्या पोटातून निघालं. कारखान्यातलं खरं चुंबक ढोलाच्या आकाराचं असतं, तरी इथे शाळेतलं नालेच्या आकाराचं काढायला माझी हरकत नाही, कारण वाचकाला क्षणात कळायला हवं. एक प्रश्न मात्र राहतो: चुंबक कुणाच्या हातात? हात काढला तर तो कुणाचा हे ठरवावं लागेल. न काढला तर हे सगळं आभाळातून आपोआप घडतंय असं वाटेल. लेखात जबाबदारी ज्याच्यावर आहे, चित्रातही ती त्याच्यावरच हवी.

चौथं माझ्या सर्वांत जवळचं. काजळी काढायचीच नाही; जिथे ती पडली नाही ती जागा काढायची. रात्रभर गच्चीवर एक चप्पल पडून राहिली, सकाळी कुणी ती उचलली, तर फरशीवर चपलेच्या आकाराची स्वच्छ जागा दिसेल. बाकी सगळं करडं. यात धूर नाही, कारखाना नाही, तरी रात्रीत काय झालं ते वाचकाला कळतं. मग चपलेऐवजी माणूस घ्या. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेलं मूल सकाळी उठून गेलंय आणि गादीवर त्याच्या आकाराची पांढरी जागा आहे. आता वाचकाच्या मनात प्रश्न येतो: इथे पडायची ती काजळी कुठे गेली? उत्तर चित्रात नाही. ते वाचकाने दिलं की चित्र त्याचं होतं.

पण इथेच सावध व्हा. माणसाच्या आकाराची रिकामी जागा पाहिली की काहींना खुनाच्या जागी आखलेली खडूची रेघ आठवेल, काहींना हिरोशिमातल्या दगडी पायऱ्यांवरची सावली. लेख मृत्यूवर नसेल तर हे अर्थ चित्राला भलतीकडे नेतील. म्हणून मूल पाय पोटाशी घेऊन कुशीवर झोपलेलं असावं, उशीचा खोलगट ठसा दिसावा, बाजूला पाण्याचा तांब्या असावा. तेवढ्याने झोप परत येते. तांब्या उचललेला दाखवला तर त्याचीही गोल स्वच्छ जागा येईल, पण मग एकाच चित्रात तीच युक्ती दोनदा झाली, ती टाळा. प्रत्येक रूपकाच्या मागे असे न बोलावलेले अर्थ येतात. चित्र पक्कं करण्याआधी स्वतःला विचारायची सवय लावा: हे आणखी कशासारखं दिसतं?

जबाबदारीचा मुद्दा मी पुन्हा काढतोय, कारण त्याकडे फार दुर्लक्ष होतं. दुसरं काम घ्या. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्यासाठी रोलिंग मिलमध्ये लावायचं भित्तिपत्रक हवंय. उरल्यातले कामगार छत्तीसगडी, ओडिया, भोजपुरी बोलणारे, काहींना वाचता येत नाही. तेव्हा चित्राने एकट्यानेच सांगायचंय. रोलिंग मिलमध्ये लालभडक तापलेली सळई कधी वाट सोडून बाहेर उसळते, वेटोळी घेत हवेत येते. कुणालाही साप सुचेल. आकार जुळतो, रंग जुळतो, भीतीही जुळते. तरी मी तो काढणार नाही. साप चावतो तो त्याचा स्वभाव असतो. सळई साप झाली की अपघात निसर्गाचा झाला, आणि तिथे जाळी का नव्हती हा प्रश्नच पुसला गेला. त्यापेक्षा जाळीच्या जागी रिकामी चौकट काढा, किंवा पकड धरणाऱ्या हातमोज्यातलं एक बोट रिकामं, मुरगळलेलं काढा. रूपक निवडताना आपण दोष कुणाचा हेही निवडत असतो. कंपनीने पैसे दिले म्हणून दोष कामगाराच्या निष्काळजीपणावर टाकणारी भित्तिपत्रकं आपल्याकडे ढिगाने निघतात. त्यात आपली भर नको.

वस्तुस्थितीही तपासा. प्रदूषणाच्या चित्रांत नेहमी कमरेत बारीक झालेले प्रचंड मनोरे दिसतात आणि त्यांतून पांढरे ढग निघतात. ते वीज केंद्रांचे शीतन मनोरे, आणि ते ढग बहुतांशी पाण्याच्या वाफेचे. स्पंज आयर्नच्या कारखान्यात उभी, सरळ धुराडी असतात. उरल्यात काम करणारा माणूस हे चित्र पाहील तेव्हा पहिल्या नजरेत म्हणेल की याला काही ठाऊक नाही, आणि मग तुमचं रूपक कितीही खोल असलं तरी तो ऐकणार नाही. चुंबक आभाळात लटकवायचं स्वातंत्र्य तुम्हाला आहे, पण त्याच्या खालचं पत्र्याचं छप्पर आणि झाडू खरेच हवेत.

रंगाबद्दल थोडंच. रंगही रूपक होऊ शकतो, आणि याच टापूत त्याचं उदाहरण आहे. कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या छत्तीसगड मुक्ती मोर्चाचा झेंडा लाल आणि हिरवा: लाल मजुरांचा, हिरवा शेतकऱ्यांचा. भिलाई-दल्लीराजहराच्या पट्ट्यात कारखान्यात जाणारा आणि शेत कसणारा बहुधा एकाच घरातला असतो, हे दोन रंगांनी सांगितलं. नियोगींची १९९१ साली भिलाईत हत्या झाली, तरी ‘लाल-हरा’ म्हटलं की तिथल्या लोकांना आजही संघटनाच आठवते. तुमच्या चित्रात हिरवा रंग ‘पर्यावरण’ म्हणून येत असेल तर थांबून पाहा. या भागातल्या वाचकाला तो शेतकऱ्याचा वाटू शकतो.

चित्रातल्या पाट्या काढून टाका. पोत्यावर ‘नफा’, हातावर ‘उद्योगपती’, ढगावर ‘प्रदूषण’ असं लिहिल्याशिवाय कळत नसेल तर रूपक अजून तयार झालेलं नाही. शीर्षकाशीही जुळवून घ्या. संपादकांनी लेखाला ‘काळी सकाळ’ असं नाव दिलं असेल, तर सकाळ आणि काळेपणा शब्दांनी सांगून टाकला. तुमच्या चित्राने झोपेवर जोर द्यावा. शीर्षक कोरडं असेल, ‘उरल्यातील हवा: एक आढावा’ असं, तर चित्राला जास्त बोलायला हवं. आजकाल संगणकाला वाक्य दिलं की तो चित्र काढून देतो. ते वापरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की सर्वांत जास्त वेळा काढलं गेलेलं तेच तो सर्वांत आधी देणार. वाक्य तुमचं, यादी तुमची, आणि कोणतं नातं धरायचं हा निर्णयही तुमचाच राहील.

तपासणी सोपी आहे. कच्चं चित्र मथळ्याशिवाय घरातल्या कुणाला दाखवा. ‘कसं वाटलं?’ विचारू नका. त्याला सगळे छान म्हणतात. ‘इथे काय झालंय?’ असं विचारा आणि गप्प राहा. गादीवरच्या मुलाचं चित्र पाहून कुणी म्हणालं, ‘मूल उठून गेलंय, गादी घाण झालीय, मधेच स्वच्छ कशी?’ तर चित्र लागलं. कुणी म्हणालं, ‘मूल गेलं का?’ तर पुन्हा कुशीकडे, उशीकडे, तांब्याकडे वळा. शक्य असेल तर एकदा अशा माणसाला दाखवा जो खरंच त्या गच्चीवर झोपतो. त्याचा शब्द संपादकाच्या शब्दापेक्षा जड माना.

छपाईचा विचार शेवटी नको, सुरुवातीलाच. हे चित्र सगळं करड्या छटांवर उभं आहे. साध्या कागदावर फिकी छटा उडून जाते आणि गडद छटा एकमेकींत मिसळून काळा डाग होतो. तेव्हा काजळी सपाट छटेने भरण्यापेक्षा शाईच्या बारीक ठिपक्यांनी भरा: मुलाच्या आकाराच्या कडेला ठिपके दाट, बाहेर विरळ. कडेची रेघ मुळीच काढू नका, नाहीतर खडूची रेघ परत आलीच. पांढरी जागा कोऱ्या कागदाची असू द्या. पान छापण्याआधी छोट्या आकारात प्रत काढून हाताएवढ्या अंतरावरून पाहा. मूल तेवढ्यातही दिसायला हवं.

संपादकांना तीन कच्ची चित्रं पाठवा, प्रत्येकाखाली एकेक वाक्य लिहून. जे तुम्हाला स्वतःला नको आहे ते त्यांत घालू नका, कारण नेमकं तेच निवडलं जातं. गादीचं निवडलं गेलं तर चुंबकाचं जपून ठेवा. त्याच वस्तीच्या मजुरीवर, घरांवर, रस्त्यांवर कधीतरी लेख येईल, तेव्हा चुंबकाला धरणारा हात कुणाचा हे तुम्हाला ठरवावं लागेल, आणि तोवर त्यावर विचार करायला वेळ मिळालेला असेल.